रोज किती प्रोटीन खावं? नागपुरात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे आणि माझं सगळं काम नागपुरातलं. समोर बसणारा माणूस महालातला असो की मिहानमध्ये नोकरी करणारा, साखरेच्या खालोखाल त्याचा प्रश्न असतो प्रोटीनचा. कुणी जिममध्ये काही ऐकून येतं, कुणी शेजारणीकडून, कुणी मोबाईलवरून, आणि त्यातलं निम्मं एकमेकांच्या उलट असतं. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. किडनीचा, लिव्हरचा किंवा दुसरा काही गंभीर आजार असेल तर मात्र आकडा तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचा.

मला रोज किती प्रोटीन लागतं? एकच आकडा सांगा.

आकडा वजनावर ठरतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी जे प्रमाण दिलं, ते निरोगी प्रौढ माणसासाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे. म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला साधारण ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम.

हा आकडा चांगल्या प्रतीचं, नीट पचणारं प्रोटीन गृहीत धरतो. आपल्या ताटात मोठा वाटा पोळीचा आणि भाताचा असतो आणि त्यातलं प्रोटीन दूध-अंड्याइतकं अंगी लागत नाही. म्हणून शाकाहारी घरात मी सरळ किलोला १ ग्रॅम धरायला सांगते. हिशेब तोंडी होतो आणि पचनातली कसरही भरून निघते.

वजन खूप जास्त असेल तर आजचं वजन धरू नका. उंची सेंटीमीटरमध्ये घ्या, पुरुषांनी त्यातून १०० आणि बायकांनी १०५ वजा करा. जे उरेल ते हिशेबाचं वजन. १६० सेंटीमीटर उंचीच्या बाईचं वजन ८२ किलो असलं, तरी तिने ५५ किलो धरूनच चालावं.

५५ ग्रॅम प्रोटीन म्हणजे ५५ ग्रॅम डाळच ना?

नाही, आणि हा घोळ फार घरांत आहे. कच्च्या तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅममागे साधारण २२ ग्रॅम प्रोटीन असतं. बाकी बहुतेक पिष्ट आणि तंतू. मुगाची डाळ २४ पर्यंत जाते, मसूरही तेवढीच, चण्याची डाळ आणि बेसन २२ च्या आसपास. फल्लीदाणे (शेंगदाणे) २४, पनीर १८ ते १९, गव्हाची कणीक साडेदहा, ज्वारी १०, तांदूळ ८.

पण कोणी शंभर शंभर ग्रॅम मोजून खात नाही, म्हणून ताटातल्या मापात सांगते. मध्यम आकाराची एक पोळी ३ ग्रॅम. ज्वारीची एक भाकर ६. वाटीभर भात ३. एक अंडं ६. म्हशीच्या दुधाचा मोठा कप, म्हणजे २०० मिली, ७. वाटीभर दही साडेतीन. मूठभर फुटाणे ६ आणि मूठभर फल्लीदाणे ७. पनीरचा ५० ग्रॅमचा तुकडा ९. हाडाविना १०० ग्रॅम कच्चं चिकन २० च्या थोडं वर, रोहूही जवळपास तेवढंच. दहा बदाम? जेमतेम अडीच. बदाम चांगलेच आहेत, पण प्रोटीनसाठी रात्री सहा बदाम भिजत घालणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आमच्याकडे रोज वरण असतं. तरी कमी कसं पडेल?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ बोलते. समोरच्या बाईला मी विचारते, चार जणांच्या कुकरला डाळ किती घालता? बहुतेक वेळा उत्तर येतं, एक छोटी वाटी. म्हणजे साधारण ६० ग्रॅम. चार ताटांत वाटली तर एकाच्या वाट्याला १५ ग्रॅम कच्ची डाळ, आणि त्यातून प्रोटीन मिळतं ३ ग्रॅम. एका पोळीइतकंच. वरणाची वाटी काठोकाठ भरलेली दिसते, पण ती भरलेली असते पाण्याने.

आता एका साध्या दिवसाची बेरीज करू. ५८ किलोची एक गृहिणी. सकाळी चहा, दुधाचे अडीच ग्रॅम. वाटीभर पोहे, ४. दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण, भात मिळून साडेचौदा. चार वाजता चहा आणि टोस्ट, साडेतीन. रात्री दोन पोळ्या, भाजी, थोडा भात, साडेअकरा. एकूण ३६. तिला किमान ४८ हवेत आणि माझ्या हिशेबाने ५८. पोट दोन्ही वेळेला भरलेलं आहे, घरात कशाची टंचाई नाही, तरी रोज १२ ते २२ ग्रॅमचा खड्डा.

तो भरायला बाजारातून नवं काही आणावं लागत नाही. डाळ दुप्पट घाला आणि पाणी तेवढंच ठेवा, ३ ग्रॅम वाढले. रात्री भाजीसोबत ४० ग्रॅम बेसनाचा झुणका, ९. दुपारी दह्याची वाटी, साडेतीन. चार वाजता टोस्टऐवजी मूठभर फुटाणे, ५ जास्त. बेरीज ५६ च्या पुढे गेली.

एक गोष्ट मला इथे लिहायलाच हवी. घरात सगळ्यांचं झाल्यावर जी जेवायला बसते, तिच्या वाट्याला बहुधा वरणाचा वरचा पातळ भाग, कालची पोळी आणि लोणचं येतं. डाळ खाली बसते, ती आधीच्या वाटण्यांत संपलेली असते. दही मुलांनी, अंडी नवऱ्याने. एकाच स्वयंपाकातून जेवणाऱ्या नवरा-बायकोच्या आहारात किती फरक असतो, हे नोंदवही लिहायला लावल्याशिवाय दिसत नाही. म्हणून माझी पहिली सूचना असते की सगळ्यांची ताटं एकदम वाढा, आणि वरण तळापासून ढवळून वाढा.

आजारी माणसाला किंवा बाळाला डाळीचं पाणी द्यावं का? त्यात सगळं सत्त्व उतरतं म्हणतात.

उतरत नाही. वरच्या निथळीत मीठ, थोडं पिष्ट आणि नावापुरतं प्रोटीन असतं. सत्त्व खाली बसलेल्या डाळीत आहे. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला आईच्या दुधासोबत घोटलेली मऊ डाळ-तांदळाची खिचडी वरून तूप घालून द्या, चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट. आजारातून उठलेल्या मोठ्या माणसालाही तेच. डाळीच्या पाण्याने घशाला बरं वाटतं, मात्र त्याला जेवण समजू नका.

शाकाहारी प्रोटीन अपुरं असतं हे खरं का?

अर्धं खरं. प्रोटीन अमिनो आम्लांचं बनलेलं असतं आणि त्यातली नऊ शरीराला बाहेरून घ्यावी लागतात. गहू, तांदूळ, ज्वारीत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं. डाळींत ते भरपूर असतं, पण मेथिओनिन कमी, आणि ते धान्यात चांगलं मिळतं. वरण-भात, झुणका-भाकर, वरण-बट्टी, खिचडी या जोड्या एकमेकींची उणीव भरून काढतात. दोन्ही एकाच घासात हवं असंही नाही, दिवसभरात आलं तरी चालतं.

प्रमाण मात्र महत्त्वाचं आहे. तीन भाग धान्याला एक भाग डाळ, हे कच्च्या वजनाचं माप धरा. आपल्याकडे ते आठाला एक किंवा दहाला एक झालेलं असतं. जोडी योग्य, पण एक जोडीदार फारच दुबळा. दूध, दही, ताक घेणाऱ्याला यात आणखी आधार मिळतो. पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांनी सोयाबीनला ताटात कायमची जागा द्यावी आणि बी-१२ ची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करावी.

तर्री पोहे, पाटोडी, सावजी यांचं काय? हे सगळं सोडावं लागेल का?

सोडायला मी कुणालाच सांगत नाही. उलट, नागपूरच्या जुन्या स्वयंपाकात प्रोटीनची समज होती असं मला मनापासून वाटतं. पाटोडी रस्सा घ्या. एका माणसाच्या वाट्याला ५० ग्रॅम बेसन आलं तर तिथेच ११ ग्रॅम झाले. कढीगोळे म्हणजे वाटलेली डाळ आणि ताक. वडाभातात डाळीचे वडे भातावर कुस्करतात, धान्य-डाळीची जोडी झालीच. मुंगवड्यांची भाजी, डाळकांदा, पालक आणि आंबटचुका घालून केलेली डाळभाजी आणि तिच्यात पडणारे फल्लीदाणे, हे सगळे भरीव पदार्थ आहेत. हिवाळ्यात तुरीचे सोले, पोपटाचे (वालाचे) दाणे, हिरवा हरभरा येतो तेव्हा गोकुळपेठच्या बाजारातून पिशवी भरून आणावी आणि सोलेभात करावा. हे पदार्थ आता फक्त पाहुणे आले की होतात. रोजच्या ताटात आलू-पोळी आणि पातळ वरण उरलं. आठवड्यातून तीनदा तरी यांतलं काही केलं तर माझं निम्मं काम होईल.

तर्री पोह्यात खरी जमेची बाजू चण्यांची आहे. प्लेटभर पोह्यांत ४ ग्रॅमच असतात. वरून तर्रीतले चणे दोन डाव घेतले तर आणखी ३-४ मिळतात. म्हणून तेलाचा तवंग कमी आणि चणे जास्त मागा. सकाळी स्टॉलवर खाणाऱ्या मुलांना मी सोबत एक-दोन उकडलेली अंडी घ्यायला सांगते.

सांबारवडीत मुख्य असतो सांबार, म्हणजे कोथिंबीर. बेसनाचं आवरण तेलात तळलेलं. आवडीने खा, प्रोटीनच्या खात्यात धरू नका.

सावजी मटणाच्या किंवा चिकनच्या एका ताटात चार बरे तुकडे आले तर २० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं. अडचण मटणाची नाही, वर तरंगणाऱ्या तेलाची आणि सोबतच्या भाताच्या ढिगाची आहे. आणि रविवारी सावजी खाल्लं म्हणून आठवडाभराचं प्रोटीन साठत नाही. चरबीसारखी प्रोटीनची कोठी शरीरात नसते. आलेलं वापरलं जातं, उरलेल्यातला नायट्रोजन लघवीवाटे जातो. सोमवारी पुन्हा सोमवारचं हवं.

आमच्याकडे भंडाऱ्याहून लाखोळीची डाळ येते. खाऊ का?

पूर्व विदर्भात धानाच्या बांध्यांमध्ये लाखोळी पिढ्यानपिढ्या होते. धान निघायच्या सुमाराला ओलीवर बी टाकलं की वेगळं पाणी न देता पीक उभं राहतं. तिच्यात प्रोटीनही इतर डाळींपेक्षा जास्त, २८ ग्रॅमपर्यंत. दोष एकच, पण मोठा. तिच्यातल्या ओडाप नावाच्या विषारी घटकामुळे, दुष्काळात महिनोन् महिने फक्त लाखोळीवर जगलेल्या लोकांचे पाय कायमचे लुळे पडले. त्या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. यामुळेच १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली आणि त्यावरून आपल्या भागात बराच वाद झाला. पुढे रतन, प्रतीक, महातिवडा असे ओडाप कमी असलेले वाण निघाले.

माझं मत स्पष्ट आहे. घरची मुख्य डाळ म्हणून लाखोळी नको, लहान मुलांना आणि गरोदर बाईला नको. गावाहून आलेली थोडी डाळ कधीतरी करायची असेल तर ती भरपूर गरम पाण्यात काही तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, पुन्हा नव्या पाण्यात शिजवा. विष बऱ्यापैकी कमी होतं, पूर्ण जात नाही. सुटं बेसन घेताना मात्र काळजी घ्या, कारण चण्याच्या डाळीत लाखोळीची भेसळ पूर्वापार होत आली आहे. इतवारीतून डाळ आणून स्वतः दळून आणणं सगळ्यात बरं. चण्याची डाळ गोलसर असते, लाखोळीचा दाणा पाचरीसारखा कोनदार आणि चपटा दिसतो.

सोयाबीन विदर्भात इतकं पिकतं. पण ते खाल्ल्याने पुरुषांत बायकी हार्मोन वाढतात म्हणे?

नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर परिणाम होत नाही, हे अनेक अभ्यासांत तपासून झालं आहे. शेतात पिकवून सगळंच सोयाबीन मोंढ्यावर विकणाऱ्या आणि स्वतः पातळ वरण खाणाऱ्या घरांकडे पाहून मला वाईट वाटतं. सोयाबीनमध्ये ३६ ग्रॅमच्या वर प्रोटीन आहे आणि त्याची प्रत दूध-अंड्याच्या जवळ जाते.

कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं खाऊ नका, कारण त्यातले काही घटक प्रोटीन पचू देत नाहीत. ते उष्णतेने निघून जातात. रात्रभर भिजवा, पाणी फेका, कुकरला नीट शिजवा. कणकेत मिसळायचं असेल तर नऊ किलो गव्हाला एक किलो भाजलेलं सोयाबीन पुरे. बाजारातल्या सोयावड्या तेल काढलेल्या पिठाच्या असतात. २५ ग्रॅम कोरड्या वड्यांत १३ ग्रॅम प्रोटीन मिळतं, इतकं स्वस्त दुसरं काही माझ्या माहितीत नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोयाबीन यांच्यात तीन-चार तासांचं अंतर ठेवावं.

जास्त प्रोटीनने किडनी खराब होते का?

निरोगी किडनी साध्या घरगुती जेवणातल्या प्रोटीनने खराब होत नाही. किलोला १ काय, दीड ग्रॅमनेही नाही. ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे त्यांच्यासाठी हिशेब वेगळा. डायलिसिस सुरू नसलेल्या किडनीच्या रुग्णांना बहुधा किलोला ०.८ च्या आसपास थांबायला सांगतात. डायलिसिस सुरू झालं की उलट होतं. त्या प्रक्रियेत प्रोटीन वाहून जातं म्हणून गरज १ ते १.२ पर्यंत वाढते. डायलिसिसवर आलेला माणूस जुन्याच पथ्याने डाळ-अंडी बंद ठेवून खंगत जातो, हे मी पाहिलं आहे. तुमचा टप्पा बदलला की पथ्यही बदलतं का, हे डॉक्टरांना नक्की विचारा.

खरी धास्ती मला त्यांची वाटते ज्यांना आपल्या किडनीबद्दल काहीच माहीत नाही. दहा वर्षांपासून शुगर आणि बीपी आहे, पण क्रिएटिनिन कधी पाहिलं नाही, लघवीतलं अल्ब्युमिन तर नाहीच. असं असेल तर प्रोटीन वाढवण्याआधी या दोन तपासण्या करून घ्या. खाजगीत परवडत नसेल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत करा, पण करा.

यूरिक अ‍ॅसिड वाढलं म्हणून डाळी बंद केल्या आहेत. बरोबर ना?

डॉक्टरांनी तुमच्यासाठी खास सांगितलं नसेल तर नाही. अमेरिकेत ४७ हजार पुरुषांवर १२ वर्षं नजर ठेवून केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत गाऊट, म्हणजे यूरिक अ‍ॅसिडमुळे होणारा सांध्यांचा आजार, वाढलेला दिसला. प्युरीन (ज्यापासून यूरिक अ‍ॅसिड बनतं) असलेल्या भाज्या आणि कडधान्यांनी तो वाढला नाही, आणि दूध-दही घेणाऱ्यांत कमी झाला. बिअर, कलेजी, गोड सरबतं आणि कमी पाणी या गोष्टी आधी आवरा. वरण चालू द्या.

आईचं वय ७२ आहे. या वयात इतकं प्रोटीन कशाला, हलकंच खावं ना?

माझ्या आईच्या बाबतीत मीही हे उशिरा ओळखलं. ती सत्तरीत खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात होती. तिथे ताटात रोज पातळ वरण, मऊ भात आणि साबुदाण्याची खीर यायची, आणि आम्ही घरचे म्हणायचो, पचायला हलकं आहे, बरं आहे. तीन आठवड्यांत तिच्या मांड्या हाताच्या वितीत मावू लागल्या. हाड जुळलं, पण उठून उभं राहण्याची ताकद नव्हती. मग मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि ग्रॅम मोजायला लागले. तिला पुन्हा आधाराशिवाय चालायला पाच महिने लागले.

वयासोबत स्नायू झिजतात आणि खाल्लेल्या प्रोटीनला ते पूर्वीसारखी दाद देत नाहीत. म्हणून साठी-पासष्टीनंतर गरज कमी होत नाही, वाढते. किलोला १ ते १.२ ग्रॅम, आणि आजारपणात किंवा शस्त्रक्रियेनंतर त्याहून जास्त. भूक मात्र कमी झालेली असते. म्हणून घास कमी ठेवून तो भरीव करावा लागतो. खिचडीत डाळ आणि तांदूळ निम्मे निम्मे. सूप करायचं तर मुगाच्या डाळीचं, घट्ट. दात नसतील तर दही, मऊ पनीर, अंड्याची भुर्जी, धिरडी, वाफवलेल्या गोळ्यांची कढी. सोबत रोज खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, जमेल तितकं. स्नायूंना काम मिळालं नाही तर नुसतं खाऊन ते भरत नाहीत.

जिम करून राहिलो, पावडर घेऊ का?

नियमित वजनं उचलणाऱ्याला किलोला १.२ ते १.६ ग्रॅम पुरतं. ७० किलोच्या मुलाला ८५ ते ११०. तीन-चार अंडी, दोन कप दूध, वाटीभर सोयावड्या, घट्ट वरण, पोळ्या आणि रात्री चिकन किंवा पनीर यात हे होतं. २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत राष्ट्रीय पोषण संस्थेने शरीर कमावण्यासाठी पावडर टाळा असंच सांगितलं आहे.

व्हे काही औषध नाही, विषही नाही. दूध नासवून पनीर काढल्यावर जे पाणी उरतं, त्यातलं प्रोटीन वेगळं करून वाळवलेलं असतं. एका मापात साधारण २४ ग्रॅम. कॉलेज, नोकरी, खोलीवर एकटं राहणं यामुळे स्वयंपाक होतच नसेल तर मी कधीकधी एक माप चालू देते. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा, क्रमांक पाहा, वजन वाढवण्याच्या डब्यात बहुतेक साखर आणि पिष्ट असतं हे लक्षात घ्या, आणि जिममधल्या सुट्या, लेबल नसलेल्या पाकिटाला हात लावू नका. घेण्याआधी एक गणित करा. किंमतीला आतल्या एकूण प्रोटीनच्या ग्रॅमने भागा, आणि तेच अंड्यांसाठी आणि सोयावड्यांसाठी करा. बरीच मुलं एवढ्यावरच परत जातात.

एका वेळी ३० ग्रॅमच पचतं, बाकी वाया जातं. हे खरं का?

पचतं सगळंच. मात्र स्नायू बांधण्याचं काम एका जेवणात साधारण २० ते ४० ग्रॅमपर्यंत चांगलं चालतं. म्हणून सकाळी चहा-पोह्यांवर ६ ग्रॅम आणि रात्री एकदम ४० यापेक्षा तीन वेळा वाटून घेतलेलं बरं. आपली सकाळ सगळ्यात रिकामी असते, तिथून सुरुवात करा. मुगाचं धिरडं, अंडं, मोड आलेली मटकी, दूध, काहीही.

गरोदरपणात किती वाढवायचं?

चौथ्या महिन्यापासून रोज साडेनऊ ग्रॅम जास्त, सातव्यापासून २२ ग्रॅम जास्त. बाळंतपणानंतर पहिले सहा महिने १७ ग्रॅम जास्त आणि पुढचे सहा महिने १३. डिंकाचे लाडू जरूर द्या, पण त्यात तूप आणि गूळच जास्त असतो. बाळंतिणीला डाळ वातूळ पडते म्हणून महिनाभर फक्त तूप-भात देणाऱ्या घरांना मी हात जोडून सांगते, मुगाची डाळ तरी द्या.

मुलगा काहीच खात नाही. दुधात घालायची पावडर देऊ?

चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला १६ ग्रॅम पुरतात, सात ते नऊच्या मुलाला २३. दोन कप दूध आणि एक अंडं झालं की लहान मुलाचं काम होऊन जातं. जाहिरातीतल्या पावडरींत बरीच साखर असते. दूध मात्र दिवसाला दोन कपांवर नेऊ नका, त्याने भूक मरते आणि लोह कमी पडतं.

उपवासाच्या दिवशी?

साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ शून्य आहे. खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. त्याऐवजी राजगिरा घ्या, शंभर ग्रॅमला १३ च्या पुढे. भगरीसोबत दाण्याची आमटी, वर दही, संध्याकाळी दूध. चातुर्मासात आठवड्यातून दोन-तीन उपवास करणाऱ्या बायकांनी हे मनावर घ्यावंच.

उन्हाळ्यात प्रोटीन गरम पडतं ना? पारा ४५ वर गेल्यावर अंडी-डाळी खाववत नाहीत.

प्रोटीन पचवताना शरीर थोडी जास्त ऊर्जा खर्च करतं हे खरं आहे, पण तेवढ्यासाठी दोन महिने ते बंद करण्याचं कारण नाही. रूप बदला. सकाळी सातूचं पीठ गूळ-पाण्यात किंवा ताकात कालवून घ्या. भाजलेले गहू आणि डाळवं यांचं हे पीठ ४० ग्रॅम घेतलं तर साधारण ६ ग्रॅम मिळतात आणि पोटही थंड राहतं. दुपारी दही, मठ्ठा, काकडीच्या कोशिंबिरीत भिजवलेली मुगाची डाळ. जड पदार्थ रात्री, ऊन उतरल्यावर. पाणी वाढवा. शिजवलेलं वरण दुपारभर ओट्यावर ठेवू नका, आपल्या मे महिन्यात ते चार तासांत आंबतं.

डाळ खाल्ली की पोट फुगते. काय करावं?

एकदम वाढवू नका, दर आठवड्याला थोडी. कडधान्यं रात्रभर भिजवा आणि ते पाणी फेका. गॅस करणाऱ्या शर्करा त्या पाण्यात उतरतात. मोड आणा, पूर्ण शिजवा, हिंग-ओवा-आलं वापरा. मूग आणि मसूर आधी, चणे आणि बरबटी (चवळी) नंतर. दोन-तीन आठवड्यांत आतड्यांना सवय होते. तरीही जुलाब, वजन कमी होणं किंवा रक्त पडणं असं काही असेल तर डॉक्टरांकडे जा.

रक्त तपासलं, टोटल प्रोटीन नॉर्मल आहे. मग मी पुरेसं खातो आहे ना?

त्या तपासणीवरून आहाराचा अंदाज येत नाही. रक्तातलं प्रोटीन शरीर शेवटपर्यंत सांभाळतं आणि गरज पडली तर त्यासाठी स्नायू मोडतं. तो आकडा खाली जातो तेव्हा बहुधा लिव्हर, किडनी किंवा कुठला तरी दाह असतो. ताटाची परीक्षा ताटातच करावी लागते. तीन दिवस खाल्लेलं सगळं लिहून काढा, चहातलं दूधसुद्धा.

सासूबाई ऐकतच नाहीत. म्हणतात, मला आता काय करायचं आहे. कसं खाऊ घालू?

ग्रॅम सांगू नका. त्यांच्या माहेरचं काय आवडायचं ते विचारा. माझ्याकडे येणाऱ्या एका सुनेने असं विचारलं तेव्हा उत्तर आलं, कढीगोळे. त्या घरात ते कित्येक वर्षं झाले नव्हते, कारण वाटायला वेळ नसायचा. आता ती रविवारी डाळ वाटून गोळे वाफवून ठेवते, फ्रिजमध्ये तीन दिवस राहतात. सासूबाई गोळे कुस्करून भाताशी खातात, आणि मागच्या वेळी त्यांनी स्वतःहून आणखी एक मागितला.